अव्या, ग्योटिंगेन आलं होतं

अव्या, ग्योटिंगेन आलं होतं, आपल्याला तिथे उतरायचं होतं, आणि ते तुला सांगायचं मी विसरलो.

एवढंच तर काम होतं माझ्याकडे. फांदी हातात धरायची, वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, आणि जिथे चढायचं, उतरायचं, नदी ओलांडायची, तिथे तुला सांगायचं. फ्रँकफर्टहून निघताना सांगितलं. माइन नदीच्या पुलावर सांगितलं. बोगद्यात शिरताना तर 'आता अंधार होईल रे, घाबरू नकोस' असा कुणी न मागितलेला धीरही दिला. आणि नेमकं गाडी बदलायच्या स्टेशनावर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काटे, खिशात वाजणारा फोन, अशा अवस्थेत मी खाली उडी मारली. दारं मिटली. गाडी तुला घेऊन बर्लिनला गेली. किंवा तुझ्याशिवाय गेली.

तू आधी माझा कॉलेजातला मित्र आणि मग मीनलचा दादा म्हणून माझा मेहुणा. तू मात्र ओळख करून देताना नेहमी म्हणायचास, 'हे आमचे जावई, मैत्री नंतर झाली.' तू फ्रँकफर्टला एकटा, आम्ही हॅनोव्हरला. शुक्रवारी संध्याकाळी न कळवता यायचास, हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचास, आणि पॅसेजमधला दिवा डोळ्यांवर येतो म्हणून तोंडावर उशी घेऊन कुरकुरायचास. मीनल तो दिवा मुद्दाम चालू ठेवायची. 'दादा रात्री उठला तर धडपडेल,' म्हणायची. हा तुमचा भावाबहिणीचा तंटा, मी कधी त्यात पडलो नाही.

मागच्या महिन्यात तू तिकडेच, हॉस्पिटलात गेलास. आम्ही धावतपळत पोचलो तेव्हा तुझ्या पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

तेव्हापासून मीनल रडलेली नाही. कामावर जाते, पोळ्या लाटते, आमच्या तन्वीशी अभ्यासावरून भांडते. फक्त रडत नाही, आणि पॅसेजमधला दिवा बंद करू देत नाही. दिवसासुद्धा. मी एकदा सवयीनं बटण दाबलं तर आतून आवाज आला, 'अहो!' ती मला एरवी 'अरे' म्हणते हे तुला माहीत आहे. 'अहो' आलं की मी कुठेतरी माती खाल्लेली असते.

इथल्या कायद्यानं अस्थी घरी आणता येत नाहीत. कलश थेट फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत. हे सांगणारा माणूस फार सभ्य होता, खाली बघत बोलत होता. मीनलनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, 'गेनाऊ', म्हणजे 'बरोबर', म्हणाली आणि बाहेर पडली. पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "अस्थी नाही तर नाही. तू दादाला घेऊन ये."

"कसं?"

"कसं काय विचारतोस? तू त्या माणसाच्या जागेवर बसला होतास ना?"

बसलो होतो. तू ती गोष्ट इतक्या पार्ट्यांमध्ये सांगितलीस की निम्म्या जर्मनीला ती पाठ आहे. दक्षिण आफ्रिकेचा तो पूर्वेचा किनारा, वाइल्ड कोस्ट. कल्पना तुझीच. 'समुद्र बघायचा तर असा, जिथे खुर्च्या मांडलेल्या नाहीत.' तन्वीला पुण्याला आजीकडे ठेवून आपण तिघं निघालो. आणि उम्ताता गावातून किनाऱ्याकडे जाणारी ती पांढरी मिनिबस, माणसं भरल्याशिवाय न सुटणारी, म्हणजे आपल्याकडची वडापच. मागच्या रांगेत कोट घातलेला एक म्हातारा, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली काटेरी फांदी, शेजारी रिकामी जागा. माझी कंबर आधीच गेलेली. मी टेकलो.

वडाप गप्प झाली. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. म्हातारा माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या आरपार सीटच्या पाठीकडे बघत, माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटत होता. जिच्या घरी आपण उतरणार होतो ती मामा नोम्बुलेलो, तिकडे मोठ्या बाईला 'मामा'च म्हणतात, पुढून वळली आणि शांतपणे म्हणाली, "उठ. तिथे त्याचा भाऊ बसलाय."

मग तिनं सांगितलं. भाऊ लांब खाणीत कामाला होता, तिकडेच मेला, तिकडेच पुरला. पण घरच्यांच्या स्वप्नात येऊन दाराबाहेर उभा राहायचा. म्हणून हा म्हातारा उम्फाफाच्या झाडाची फांदी घेऊन तो मेला त्या जागी गेला, त्याला नावानं हाक मारली, आणि आता फांदीवरून त्याला घरी नेत होता. दोघांचं भाडं भरून. वाटेत बोलायचं ते फक्त भावाशी. आता पूल आला. आता गाडी बदलायची. खोसा लोकांत काही घरी अजून असं करतात, म्हणाली.

"आणि सांगायला विसरलं तर?" हे तू विचारलंस. असले प्रश्न तूच विचारायचास.

"तर तो तिथेच राहतो," मामा म्हणाली. "अनोळखी गावात. वाट विचारायला त्याला तोंड नसतं."

मी उठून त्या रिकाम्या जागेला 'सॉरी हं' म्हणालो. मराठीत. अव्या, ती सीट कोमट होती. मी बसायच्या आधीपासून. तू म्हणालास, मीच बसून कोमट केली. इतक्यात सीट कोमट होते का, यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो, आणि ते भांडण अर्धवट टाकून तू गेलास. हे काही बरं केलं नाहीस.

त्या किनाऱ्यावरचं बाकी सगळं तुझं होतं. हिरव्या टेकड्यांवर गोल घरं, अर्धी पांढरी, अर्धी समुद्राच्या रंगाची. तू दोरावरून धबधब्यात उतरलास, लाटांवर फळी घेऊन पडलास, पुन्हा पडलास. मी चपला सांभाळल्या. सकाळी धुक्यात वाळूवर गाई बसलेल्या असायच्या, सगळ्या समुद्राकडे तोंड करून, रवंथ न करता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. मी म्हटलं, वारा खात असतील. तू म्हणालास, "तुला प्रत्येक गोष्टीचं उत्तर कसं रे लगेच सापडतं?"

मामानं तुला त्यांच्या भाषेतले जिभेचे आवाज शिकवले. आपण हळहळताना 'च्च' करतो ते त्यांचं एक अक्षर, आणि टाळूला जीभ लावून बाटलीचं बूच उडवल्यासारखं 'टॉक' हे दुसरं. हा 'टॉक' तू उचललास तो कायमचा. वादात जिंकलास की टॉक. पत्त्यांत हुकूम निघाला की टॉक.

आणि ती घळ. काळ्या पाण्याचा डोह, वर कडा. गावची पोरं उड्या मारत होती, तूही मारलीस. पोरं वर आली, तू आला नाहीस. पाणी परत सपाट झालं. मी तुझ्या चपला छातीशी धरून उभा. मीनल किंचाळायला लागली. मामा नोम्बुलेलोनं झटकन तिच्या तोंडावर तळवा ठेवला. "रडू नकोस. पाण्याखाली नदीची माणसं राहतात. त्यांनी नेलेल्यासाठी रडलं तर ती त्याला सोडत नाहीत."

मीनल गप्प झाली. तिचे ते डोळे मी विसरलेलो नाही.

आणि मग आमच्या पाठीमागून, टॉक.

तू खडकाखालच्या भोकातून पलीकडे निघून, वळसा घालून, ओला चिंब मागे उभा होतास. हसत होतास. मीनलनं तुला चपलेनंच मारलं. चपला माझ्याकडे होत्या म्हणून, नाहीतर दगडानं मारलं असतं.

तर मीनल का रडत नाही हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. ती तोंडावरचा तो तळवा अजून काढायला तयार नव्हती. रडली तर तू तिकडेच राहशील. मी आजवर तिच्यासमोर जेवढं शहाणपण पाजळलंय त्यातलं काहीही त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, "आणतो."

फांदीचा प्रश्न तूच सोडवून ठेवला होतास. मामाच्या अंगणात ते झाड बघून तू ओरडला होतास, "अरे, ही तर आपल्या बोरीची मावसबहीण!" जोडीनं येणारे काटे, एक सरळ, एक आकडीसारखा वाकडा. सरळ काटा पुढे बघतो, वाकडा मागचं धरून ठेवतो, असं मामानं सांगितलं, आणि परत आल्यावर तू पुण्याहून आलेली बोराची बी कुंडीत लावलीस. फ्रँकफर्टच्या तुझ्या खिडकीत ती बोर वाढली. फळ कधी धरलं नाही. तन्वीच्या बोरन्हाणाला तर कुंडीही नव्हती, तू एशियन दुकानातली सुकलेली लाल बोरं आणून तिच्या डोक्यावर ओतली होतीस आणि एक तिच्या डोळ्यात गेलं होतं. तुला ते अजून ऐकवलं जातं. जायचं.

तुझ्या घरी जाऊन मी त्या बोरीची फांदी कापली. मीनलनं दिलेल्या तिच्या शालीत गुंडाळली. मग हॉस्पिटल.

तुझ्या पलंगावर आता एक जर्मन आजोबा होते. मी दारात उभा, हातात काटेरी झुडूप, आणि बोलायचं नाही. नर्सनं विचारलं, कुणाला भेटायचंय? मी फांदी दाखवली. तिला वाटलं असेल, हा फुलं आणायला गेला आणि काय घेऊन आला. ती फुलदाणी आणायला वळली तेव्हा मी आत जाऊन हळूच म्हणालो, "अव्या, चल. घरी जायचंय. मीनलकडे."

आजोबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या बाजूला, जिथे कुणी नव्हतं तिथे पाहिलं, आणि म्हणाले, "ना, एंडलिश." म्हणजे, आलात एकदाचे. बिचारे चहाची वाट बघत असतील. मी तुला घेऊन जवळजवळ पळतच खाली आलो.

थेट हॅनोव्हरच्या गाडीत शेजारशेजारच्या दोन जागा नव्हत्या, म्हणून बर्लिनच्या गाडीनं ग्योटिंगेनपर्यंत आणि मग बदल, असं ठरवलं होतं. खिडकीची जागा तुला. बाहेर धुकं, त्यातून झाडं यायची आणि जायची. तिकीट तपासायला आलेल्या माणसानं दोन तिकिटं आणि एक प्रवासी पाहिला. "दुसरी व्यक्ती?" मी खिडकीकडे बोट केलं. त्यानं खिडकीकडे पाहिलं. मग दोन्ही तिकिटं तपासून "गुटे राइझे", प्रवास सुखाचा होवो, म्हणाला. दोनदा. एकदा मला, एकदा खिडकीला.

मी सीटवर हात ठेवून बघितलं. कोमट होती. खाली हीटर असतो, मला माहीत आहे. मी इंजिनियर आहे.

आणि मग, अव्या, बोललो. दुसऱ्या कुणाशी बोलायची बंदी असल्यामुळे मला पहिल्यांदाच फक्त तुझ्याशी बोलावं लागलं, आणि मधे 'टॉक' करून तोडायला कुणी नव्हतं. नदीच्या मुखातल्या त्या होडीबद्दल बोललो. खाली शार्क असतात असं नावाडी सहज म्हणाला आणि मी होडीत उठून उभाच राहिलो. तू मागून माझा पट्टा धरलास. घट्ट, पलीकडच्या काठापर्यंत. मीनल पुढे बसून फोटो काढत होती, तिला कळू दिलं नाहीस. इतकी वर्षं माझी टिंगल केलीस, पण त्या पट्ट्याची गोष्ट एकाही पार्टीत सांगितली नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नव्हतं. शालीतली फांदी आवळून म्हणालो, "काळजी करू नकोस. या खेपेला मी धरलंय."

आणि ग्योटिंगेनला सोडून दिलं.

झालं असं, की मी उठलो, पिशवी काढली, तेवढ्यात फोन. मीनल. तिला माहीत होतं मी बोलू शकत नाही, मग फोन का? मी दचकलो. फांदी उचलली तर ती येईना. वाकडा काटा सीटच्या कापडात अडकला होता. लोक मागे तुंबलेले. मी हिसका दिला, एक काडी मोडून सीटवर राहिली, आणि मी उतरलो. दार मिटल्यावर लक्षात आलं. सांगितलंच नाही. आणि तो काटा तिथे का अडकला, हेही लक्षात आलं. नको तेव्हा.

मी प्लॅटफॉर्मवर "अव्या!" म्हणून ओरडलो. तुझ्याशी बोलायला परवानगी होती. पाच-सहा माणसं वळली. तू नव्हतास. मागून टॉक होईल म्हणून मी उभा राहिलो, मुद्दाम मागे न बघता, जसा त्या घळीत उभा होतो. काहीच झालं नाही. धुक्यात बर्लिनच्या गाडीचे लाल दिवे बारीक होत गेले. अनोळखी गाव. वाट विचारायला तोंड नाही.

हॅनोव्हरच्या गाडीत चढताना मी म्हटलं, "असशील तर चल रे." शेजारची सीट रिकामी होती. हात ठेवला. गार. पुन्हा ठेवला. दगडासारखी गार. लाइने नदी आली ती सांगितली, दोनदा सांगितली, पण गार सीटला सांगताना आवाज कसा येतो ते कळलं मला. सगळा रस्ता एकच विचार, मीनलला काय सांगू. नाही सांगितलं तर ती तुला आणलं समजून रडेल आणि मामाच्या म्हणण्याप्रमाणे सगळं संपेल. सांगितलं तर ती कधीच रडणार नाही. तो दिवा कधीच बंद होणार नाही. आणि मी, ज्यानं हे सगळं थोतांड म्हणून वीस ठिकाणी व्याख्यानं दिलीत, तो गाडीत बसून घामाघूम झालो होतो.

संध्याकाळी दार मीनलनं उघडलं. पॅसेजमध्ये दिवा होता. तिनं माझ्याकडे न बघता फांदी घेतली, शालीसकट, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी केली. ताट वाढलेलं होतं. वरणभात, वर तूप, आणि तुला लागतं म्हणून लिंबाचं लोणचं, आम्हा दोघांना न चालणारं.

"आता बोललास तरी चालेल," ती म्हणाली.

मी सांगितलं. फोन, काटा, काडी, गार सीट. काही लपवलं नाही. "मीनल, मी त्याला ग्योटिंगेनला सांगितलंच नाही गं. तो बर्लिनला गेला."

मीच चिडलो. चूक आपली असली की मी आधी चिडतो. "पण तू फोन कशाला केलास? मला उचलता येणार नव्हता!"

"तू बोलायचं नव्हतंच. मीच बोलणार होते," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात आवाज झाला म्हणून. बूच उडाल्यासारखा. तन्वीनंपण ऐकला."

"हाइत्सुंग वार दास," तन्वी म्हणाली. रेडिएटर होता तो. पण म्हणाली ती आपल्या खोलीच्या दारातून. हॉलमध्ये यायला तयार नव्हती.

"दादा कधी सांगितलेल्या वाटेनं आलाय का रे?" मीनल म्हणाली. "त्या घळीतसुद्धा..." तिचं वाक्य तिथेच थांबलं, आणि ती रडायला लागली. ओट्याला धरून, आवाज करून, नाक वाहेपर्यंत. तन्वी धावत आली आणि आईला मिठी मारून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मराठीत ओरडली, "पापा, पाणी दे ना तिला!"

मी पाणी दिलं. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसलो. बसलो आणि लगेच कळलं. कोमट होता. रेडिएटर दुसऱ्या भिंतीला आहे.

मीनल डोळे पुसत दारात आली. मला बघून थबकली.

"अहो, उठा," ती म्हणाली, "दादा झोपलाय तिथे. आणि जाता जाता पॅसेजमधला दिवा बंद करा, त्याच्या डोळ्यांवर येतोय."